दाराची कडी काढली तो दिवस

शाळेच्या ऑफिसात माझं आणि माझ्या मैत्रिणीचं टेबल समोरासमोर होतं. ती हजेरीपटाचं काम बघायची, मी दाखल्यांचं. तिचा नवरा मुलगी लहान असतानाच गेला. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये मायलेकी दोघीच राहायच्या. मुलगी आता अकरावीत होती.

एप्रिलमध्ये एका दुपारी ती डबा न उघडताच बसून राहिली.

"पोरगी एवढ्या उकाड्यातही पूर्ण बाह्यांचे कपडे घालते," ती म्हणाली. "काल कपडे वाळत घालताना तिची बाही वर गेली. हातावर जखमा आहेत गं. तिनेच केलेल्या."

त्यावर मी जे बोलले ते अजून मला टोचतं. "या वयात मुली करतात असलं काहीतरी. लक्ष नको देऊस फार."

तिने मान हलवली आणि डबा उघडला. तिलाही तेच ऐकायचं होतं बहुतेक.

जूनमध्ये तिला शेजारणीचा फोन आला. मुलगी गच्चीच्या कठड्यावर पाय बाहेर सोडून बसली होती. आम्ही रिक्षाने पोहोचेपर्यंत शेजारणीने बोलत बोलत तिला खाली आणलं होतं. मुलगी सोफ्यावर बसून पाणी पीत होती. आईने तिच्या थोबाडीत मारली आणि लगेच तिला कवटाळून ती रडायला लागली. मुलगी रडली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोघींना मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. रागावू नका, तिला एकटं सोडू नका, खोलीचं दार आतून बंद होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर मी दार धरून उभी राहिले आणि आईने स्क्रू काढून कडी उतरवली. मुलगी पलंगावर बसून बघत होती.

"मावशी, तुम्ही पण?" एवढंच ती म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही.

गोळ्या सुरू झाल्या, समुपदेशन सुरू झालं. मुलीचं कॉलेज मात्र अर्ध्यात सुटलं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी तिला हॉस्पिटलात दाखल करावं लागलं. वाचली. बाहेरच्या बाकावर मी आईचा हात धरून बसले होते.

"माझं काय चुकलं?" तिने विचारलं.

"काही नाही चुकलं गं."

"तू दर वेळी हेच म्हणतेस. खरं सांग ना."

चूक सापडली असती तर ती निदान सुधारता तरी आली असती. एप्रिलमधलं माझं बोलणं तिला आठवत होतं की नाही, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

दिवाळीनंतर तिने नोकरी सोडली. मी दर रविवारी पंचवटीतून भाजी घेऊन तिच्याकडे जाते. आम्ही मेथी निवडतो, शाळेतल्या गमती सांगून मी तिला हसवायचा प्रयत्न करते. ती हसते, पण कान आतल्या खोलीकडे असतात.

गेल्या रविवारी दुपारी मुलगी झोपली होती. आई तिच्या उशाशी खुर्ची टाकून, श्वास चालू आहे ना हे बघत बसली होती.

"तासभर आडवी हो," मी म्हणाले. "मी बसते इथे."

ती उठली, बाहेरच्या सोफ्यावर जाऊन पडली. थोड्या वेळाने मी वळून पाहिलं. ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडेच बघत होती, मी नीट लक्ष ठेवतेय ना म्हणून.