पहिला फेरा रिकामा

माझ्या नवऱ्याकडे एक बुटकी तांबूस घोडी होती. शिवाय सहा ससे, चार बदकं आणि दरवर्षी नवं एक करडू. लोकांच्या घरी वाढदिवस असला, शाळेचं स्नेहसंमेलन असलं, जयंतीचा कार्यक्रम असला की तो ही सगळी मंडळी टेम्पोत घालून घेऊन जायचा. मैदानाच्या एका कोपऱ्यात जाळीचं कुंपण करून त्यात ससे, बदकं, करडू सोडायचा आणि मधोमध घोडी फिरवायचा. टेम्पोच्या मागे त्याने रंगाने लिहून घेतलं होतं, ‘हात लावून पाहा’. दुसरबीडपासून मेहकरपर्यंतची लहान मुलं त्याला घोडीवाले काका म्हणून ओळखत. मी शाळेत मराठी शिकवते. मी त्याच्याबरोबर कधीच गेले नाही.

न जाण्याचं कारण आम्हा दोघांना ठाऊक होतं आणि आम्ही ते बोलत नव्हतो. आमची मुलगी साडेतीन वर्षांची असताना आम्ही तिला जत्रेत नेलं होतं. तिथे एक घोडेवाला मुलांना फिरवत होता. तिने हट्ट धरला. घोडेवाल्याने तिला वर बसवून पाहिलं आणि लगेच खाली उतरवलं. “पाय रिकिबीत पोचत नाहीत हो बाई लेकराचे. पडन. पुढच्या जत्रेले आणजा.” ती घरी येईपर्यंत रडली. तिचे बाबा तिला खांद्यावर घेऊन सांगत राहिले, पाय पोचले की बसवू, पाय पोचले की नक्की बसवू. पुढच्या जत्रेच्या आधी ती तापाने गेली.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात त्याने घोडी आणली.

आमचं घर बौद्ध. आत्मा, भूत, पितर आम्ही मानत नाही. ती गेली तेव्हा आम्ही वंदना घेतली, पुण्यानुमोदन केलं, आणि गेलेलं माणूस गेलं असं एकमेकांना शांतपणे सांगितलं. पण कुठेही घोडी उभी केली की नवरा पहिला फेरा रिकामा मारायचा, हे मला लोकांकडून कळलं होतं. मुलं ओरडत असायची, रांगेत ढकलाढकली असायची, तरी हा लगाम धरून घोडीला एक पूर्ण फेरा मोकळीच फिरवून आणायचा, आणि मगच पहिलं मूल वर बसायचं. कुणी विचारलं तर म्हणायचा, “पहिला फेरा घोडीचा.” हळूहळू लोक त्या फेऱ्याला शुभ समजू लागले. एका घरी तर त्या फेऱ्याआधी घोडीपुढे नारळ फोडला, असं तो हसत सांगत होता. मी हसले नाही. तो फेरा कुणाचा हे मला कळत होतं.

गेल्या हिवाळ्यात तो सकाळी दाणा भिजवायला अंगणात गेला आणि तिथेच बसला. दवाखान्यात नेईपर्यंत काही उरलं नव्हतं.

घरात माणूस नसण्याचा आवाज असतो. माझ्या घरात तो घोडीचा होता. संध्याकाळी फाटकाशी कुणीही थांबलं की ती कान उभे करायची, एक पाय आपटायची आणि मग बराच वेळ काहीच करायची नाही. त्याचा फोन मी बंद केला नव्हता. तो वाजायचा, पलीकडून एखादं मूल विचारायचं, “घोडीवाले काका, येता का?” आणि मागून त्याची आई घाईघाईने फोन ओढून घ्यायची. मला प्रत्येक वेळी वाटायचं, आता आतल्या खोलीतून तो ‘येतो ना बे’ म्हणेल. ससे मी शेजाऱ्यांना दिले. बदकं आणि करडूही गेलं. घोडी राहिली.

मेहकरचे एक बँडवाले तिला घ्यायला तयार होते. वरातीसाठी त्यांना शांत घोडी हवी होती. मी हो म्हटलं. मात्र सुलतानपूरच्या एका शेतकरी आजोबांना नवऱ्याने नातीच्या वाढदिवसाचा शब्द दिलेला होता. ते भेटायला आले तेव्हा त्यांनी तो विषय काढलाच नाही. जाताना फाटकाशी घुटमळले, तेव्हा मीच म्हणाले, “काका, घोडी येईल. मी आणते.” बँडवाल्यांनाही तिथेच बोलावलं. कार्यक्रम झाला की त्यांनी तिथूनच तिला न्यावं, असं ठरलं. घरून ती जाताना पाहणं मला जमलं नसतं.

टेम्पो शेजाऱ्याने चालवला. आजोबांच्या घरापुढच्या खळ्यात मांडव होता, फुगे होते, केकला मुंग्या लागू नयेत म्हणून टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते. मी घोडीवर खोगीर चढवलं आणि मनाशी ठरवलं की आज रिकामा फेरा मारायचा नाही. उद्यापासून ती वरातीत नवरदेव वाहणार. हा फेरा कुणी तिच्याबरोबर पाठवू शकत नव्हतं. त्याचा होता, त्याच्यासोबत संपला, असं मी स्वतःला पुस्तकातलं वाक्य वाचावं तसं सांगितलं, आणि नवा फ्रॉक घातलेल्या त्या नातीला उचलून थेट खोगिरावर बसवलं.

घोडी हलली नाही.

मी लगाम ओढला, चुचकारलं, गुळाचा खडा दाखवला. तिने गूळ खाल्ला आणि तशीच उभी राहिली.

“घोडी बंद पडली बे!” एक पोरगं ओरडलं.

“चार्जिंग संपली तिची!”

“धक्का मारा रे मांगून!”

बँडवाले खुर्चीवर बसून पाहत होते. ते उठून आले. “ताई, ही खोड आहे. वरातीत अशी अडली तं वऱ्हाड म्हणन, घोडीलेच नवरदेव पसंत नाही.” सगळे हसले. मीही कसनुसं हसले. “काळजी नका करू. खोड मोडता येते. आठ-पंधरा दिवस लागतात.”

तेवढ्यात आजोबा पुढे झाले. त्यांनी नातीला खाली घेतलं. “मॅडम, भाऊ असं नव्हते करत. भाऊ पहिले रिकीब खाली सोडत, मंग रिकामी फिरवत. ते केल्याबिगर ही चालत नाही.”

“रिकीब खाली?”

“हाव ना. म्या मांगच्या वर्षी इचारलं होतं, काऊन हो भाऊ, रिकाम्या घोडीची रिकीब कायले लांब करता? तं म्हणे, पोचाले पाहिजेत ना काका पाय.”

आजोबांनी ते सहज सांगितलं. त्यांना आमची मुलगी ठाऊक नव्हती.

मी खोगिराजवळ गेले. रिकिबीच्या पट्ट्याचं बक्कल सोडलं. इतकी वर्षं तो पट्टा अंगणातल्या खुंटीला लोंबत होता, मी त्याच्याखालून धुणं वाळत घालायला जायची, पण नीट पाहिला नव्हता. त्याला वरपासून खाली ओळीने भोकं होती. कारखान्यात पाडलेली नव्हती, मोच्याकडून एकेक पाडून घेतलेली होती, जराशी वाकडी. सगळ्यात वरचं जुनं, कातडं फाटत आलेलं. त्याखालचं थोडं कमी झिजलेलं. प्रत्येकाशी बक्कल दाबून बसल्याची आडवी खूण होती. आणि अगदी खालचं भोक जवळपास कोरं.

लहान मुलांसाठी ही लांबी लागत नव्हती. रिकामा फेरा झाला की रिकीब वर ओढली जात होती.

घरी आमची मुलगी साडेतीन वर्षांचीच होती. मी तिचे कपडे त्याच मापात घडी घालून ठेवले होते. स्वप्नातही ती तेवढीच यायची, आणि मला वाटायचं, तिच्या बाबांनाही ती तशीच दिसते. तो मात्र गावोगावच्या मैदानांवर, परक्यांच्या मांडवांत, तिला दरवर्षी थोडं थोडं मोठं करत होता.

मी बक्कल खालच्या भोकात बसवलं. दुसऱ्या बाजूलाही तसंच केलं. बक्कलाचा तो बारीक आवाज झाला आणि घोडी आपणहून चालू लागली.

मी तिच्या डाव्या बाजूने चालले. मुलं गप्प झाली नव्हती, त्यांचं चालूच होतं, कुणीतरी फुगा फोडला. रिकाम्या रिकिबी चालीबरोबर हलत होत्या, आणि त्या हलण्यात वजन नव्हतं हे मला दिसत होतं. तरी वळणावर माझा हात आपोआप खोगिराकडे गेला. तो मी मुलीच्या पाठीच्या उंचीवर धरायला गेले आणि तिथे हवेत मला ती उंची सापडेना. मला माहीत होती ती पाठ फार खाली होती.

फेरा संपला. रिकिबी वर घेतल्या. नात बसली, मग तिची भावंडं, मग सगळं गाव. घोडी शहाण्यासारखी चालत राहिली.

जेवणानंतर बँडवाल्यांनी दोर हातात घेतला. मी म्हणाले, “दादा, घोडी नाही द्यायची.”

“ताई, खोडीचं म्हणत असाल तं मी मोडतो ना.”

“म्हणूनच नाही द्यायची.”

त्यांनी दोर माझ्या हातात दिला. “बरं. पण हिले फिरवन कोण?”

मी दोर धरून घोडीला टेम्पोकडे नेलं. येताना टेम्पोत तिच्याजवळ मागे बसले.

आत्म्याचं मी अजूनही मानत नाही. पण पट्ट्याला भोकं आहेत, ती मी बोटाने चाचपली आहेत.

त्या आठवड्यात मी पट्टे घेऊन दुसरबीडच्या मोच्याकडे गेले. खालचं भोक मागच्या वर्षीचं होतं. पुढचं नव्हतंच. मोच्याने पट्टा पायाखाली धरला, आरी उचलली आणि विचारलं, “किती खाली पाडू? लेकरू केवढं हाय?”

मला सांगता येईना. मी उद्या सांगते म्हणाले.

आमच्या मुलीच्या वयाची मुलं ह्या वर्षी पाचवीत आमच्या शाळेत आली आहेत. मला दिलेला तो वर्ग मी विनंती करून बदलून घेतला होता. व्हरांड्यातून जाताना त्या दाराकडे मी पाहत नसे. दुसऱ्या दिवशी परिपाठाला मी पाचवीच्या मुलींच्या रांगेशी जाऊन उभी राहिले. प्रार्थना चालू होती. त्या डोळे मिटून, हात जोडून उभ्या होत्या, कुणाची वेणी सुटलेली, कुणाच्या मोज्याला भोक. मी पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. रांगेतली मधल्या उंचीची एक मुलगी माझ्या शेजारी होती. तिचं डोकं कुठवर येतं ते मी पाहून घेतलं.

शाळा सुटल्यावर मोच्याकडे गेले आणि हात आडवा करून माझ्या खांद्याच्या थोडा खाली धरला.

“एवढी आहे,” मी म्हणाले.