बाबांना वाचता येतं

आमच्या ऑफिसात तिला सगळे रंगारीण म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती रागवतही नाही. वेबसाइटच्या पानावर अक्षरं कुठल्या रंगाची आणि त्यांच्या मागची जमीन कुठल्या रंगाची, हे ठरवणं तिचं काम. मजकूर मी लिहितो. म्हणजे मी जिवाचं रान करून लिहिलेलं लोकांना दिसणार की नाही, ते या बाईच्या हातात! त्यामुळे आमचं भांडण ठरलेलं.

आणि गिऱ्हाइकं तरी कसली! काळं अक्षर एकालाही नको. जड वाटतं म्हणे. पांढऱ्यावर राखाडी हवं, पिवळ्यावर पांढरं हवं, एकाला तर हिरव्यावर लाल हवं होतं. "अहो, लाल-हिरव्यातला फरक न कळणारी माणसं असतात," ती समजावत होती. "आम्हाला कळतो की," तो म्हणाला. घ्या! मी असतो तर हाकललंच असतं.

रंगारीण एकटी राहते. ती तापानं पडली होती तेव्हा ऑफिसचा लॅपटॉप आणायला मी एकदा तिच्या खोलीवर गेलो होतो. एक पलंग, एक खुर्ची. खुर्चीवर तिचे कपडे, म्हणून मी उभाच. भिंती पांढऱ्या, पडदे पांढरे. "अगं, रंगारीण ना तू?" म्हटलं, तर म्हणाली, "घरी आल्यावर नकोसे होतात." दोन माणसं येतील अशी तयारीच नव्हती त्या खोलीत. ऑफिसातही डबा एकटीच खाते, आणि कुणी घरचा विषय काढला की स्क्रीनकडे वळते.

तिचं बोलायचं माणूस एकच, तिचे बाबा. ते दुसऱ्या गावी राहतात, तेही एकटेच. आई जाऊन बरीच वर्षं झाली. बाबा घड्याळजी होते. केसाएवढा काटा चिमट्यानं अचूक बसवायचे म्हणे. दुकान कधीच बंद झालं, पण पोरीला त्या नजरेचा भारी अभिमान.

दुपारचा चहा झाला की ती नवे रंग चढवलेलं पान बाबांच्या फोनवर पाठवायची आणि फोन लावायची. हात माउसवर हवा म्हणून स्पीकरवर.

"पाठवलंय. बघा."

"बघतो." जरा वेळानं बाबा खणखणीत आवाजात वाचायचे, "वाचनालय सकाळी आठ वाजता उघडेल. पुस्तके वेळेवर परत करावीत."

"त्रास नाही ना होत?"

"छे गं! एकदम स्वच्छ."

"बरं, ठेवते."

बस्स. वाक्य रोज तेच. माझे कान किटले. एकदा म्हटलं, "मी एवढं लिहितो, त्यातलं काही घे की." तर फाडकन म्हणाली, "रंग पारखायचा तर बाकी काही हलवायचं नाही. अक्षर तेच, आकार तोच, वाक्य तेच. बदलायचा तो फक्त रंग." शिस्तीची पक्की.

मग एका दवाखान्याचं काम आलं. डॉक्टरीणबाईंना फिक्या निळ्यावर थोडीशी गडद निळी अक्षरं हवी होती, शांत वाटतं म्हणून. आता अक्षर आणि जमीन यांच्या उजेडात निदान साडेचार पट फरक हवा, असा नियम आहे, तो कॉम्प्युटर मोजून देतो. इथं तीन पटही भरेना. मी बोट दाखवलं.

"बाबांना वाचता आलं ना? मग कुणालाही येईल," ती म्हणाली, आणि दिलं पान वेबसाइटवर सोडून.

व्हायचं तेच झालं. डॉक्टरीणबाईंची तक्रार आली: म्हातारे पेशंट भलत्या वेळी येऊन दारात ताटकळतात, पानावरच्या वेळा कुणालाच वाचता येत नाहीत. साहेबांनी रंगारणीला सगळ्यांदेखत झापलं. ती लालबुंद झाली.

"माझ्या सत्तरी ओलांडलेल्या बाबांना वाचता येतं! थांबा, तुमच्यासमोरच विचारते."

रागाच्या भरात तिनं घाईघाईनं पान तयार करून पाठवलं. तिच्या स्क्रीनवर ते मला दिसत होतं. जमीन पांढरी, आणि अक्षरांचा रंग निवडायचाच राहिलेला, तोही पांढरा. नुसता कोरा कागद! मी सांगायला तोंड उघडलं, तोवर फोन लागला होता.

"पाठवलंय. बघा."

"बघतो." तोच जरासा वेळ. "वाचनालय सकाळी आठ वाजता उघडेल. पुस्तके वेळेवर परत करावीत." मग बाबा म्हणाले, "आजचा किंचित फिका आहे हं. पण चालेल."

रंगारणीनं स्क्रीनकडे पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. साहेब माणूस बरा. उगाच खोकला काढून केबिनमध्ये निघून गेले.

"बाबा, तुम्ही पान उघडलंत का?"

"नाही गं. कुठं दाबायचं तेच दिसत नाही आता. वर्ष होत आलं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू दुसऱ्या कुणाची नजर शोधली असतीस." मग अगदी हळू, "मग फोन कशाला केला असतास?"

म्हातारा हे मात्र खोटं बोलत नव्हता हो! मी रोज शेजारी बसून ऐकत होतो. 'पाठवलंय' आणि 'ठेवते' यांच्यामध्ये तिनं त्यांना कधी दुसरं काही विचारलेलं मला आठवेना. दोघंही एकटी, दोघांनाही बोलायला माणूस हवं, आणि बोलणं काय, तर वाचनालय किती वाजता उघडतं! मला तिचा रागही आला आणि तिच्यासाठी डोळे भरूनही आले.

तिनं तोंडावरून हात फिरवला. शेवटी म्हणाली, "बाबा, जेवलात का?"

"जेवलो," बाबा म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "हेही कामासाठीच हवंय का गं?"