कुलूपनगराची पोथी

सासरी क्रांती करण्याचा प्रयत्न मी आयुष्यात एकदाच केला आणि त्यात माझ्या चपला गेल्या.

चपला साध्यासुध्या नव्हत्या. लग्नात माझ्या भावानं गोंदियाच्या बाजारातून आणलेल्या, लाल पट्ट्याच्या, करकर वाजणाऱ्या! दवनीवाड्यात तेव्हा बाईच्या पायात चपला म्हणजे नवलच. मी रस्त्यानं निघाले की म्हशीसुद्धा रवंथ थांबवून बघायच्या. स्वातंत्र्य मिळून काही वर्षं झाली होती. ते रेल्वेनं गोंदियापर्यंत आलं होतं म्हणे, पण पुढं दवनीवाड्याला यायला त्याला छकडा मिळाला नसावा.

आमचं घर शेतकऱ्याचं, धानाचं. घरातले कर्ते मामाजी, म्हणजे माझे सासरे. पण राज्य आत्याबाईंचं, म्हणजे सासूबाईंचं. त्यांच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा. तांदळाच्या खोलीची किल्ली, तुपाच्या फडताळाची किल्ली, मागच्या दाराची किल्ली. त्या यायच्या आधी त्यांचा आवाज यायचा आणि आम्ही दोघी बोलता बोलता गप्प व्हायचो. दोघी म्हणजे मी आणि माझी धाकटी नणंद कौसल्या. (नवरोजींचं विचाराल, तर ते राईस मिलमध्ये कारकून होते आणि घरी आल्यावर भिंतीकडे तोंड करून पेपर वाचायचे. "तुले जे करायचं थे कर, माह्यं नाव घेऊ नको," एवढंच त्यांचं धोरण.)

कौसल्या सातवी पास झाली होती. गावात सातवी पास मुलगी ती एकटीच. तिला भंडाऱ्याला जाऊन मास्तरणीचं ट्रेनिंग घ्यायचं होतं. तिच्या मास्तरांनी घरी येऊन सांगितलं, जागा आहे, मृगाच्या आत पाठवा. आत्याबाईंनी त्यांना चहा दिला, सुपारी दिली आणि ते गेल्यावर निकाल दिला.

"पोट्टी शिकून का करते? गोरेगावचं स्थळ आलं हाये. धानाची रोवणी लागायच्या आत उरकून टाकू."

कौसल्या रडली नाही. तिनं राख घेतली आणि भांडी घासायला बसली. पितळेची कळशी तिनं इतकी घासली की मला भीती वाटली, आता आरपार भोक पडतं! मीही माहेरी सातवीच शिकलेले होते आणि मलाही पुढं शिकायचं होतं. पण माझ्या बाजूनं कोण बोललं होतं?

त्याच उन्हाळ्यात मी चार दिवस माहेरी गेले. भाऊ वाचनालयाचा सभासद होता, आणि वाचनालयाचा सभासद असलेल्या माणसाला जगातल्या सगळ्या रोगांवरचं औषध ठाऊक असतं. त्यानं माझ्या हातात एक जाडजूड कादंबरी ठेवली.

"हे घरात वाचून दाखव. क्रांती होऊन जाईल, समझी?"

कादंबरी कुलूपनगर नावाच्या एका शहराची होती. तिथला राजा कुणाला दिसत नाही, फक्त त्याचे हुकूम निघतात. दिवेलागणीला घंटा झाली की बायकांनी घरात यायचं. विहिरीवर दोघींनी एका वेळी जायचं नाही. चपला सरकारजमा, म्हणजे कुणी पळून जायला नको. आणि प्रत्येक गल्लीवर एक वयस्कर बाई नेमलेली, तिच्या कमरेला साऱ्या दारांच्या किल्ल्या. राजा स्वतः काहीच करत नाही. सगळं ती किल्लीवालीच करते.

वाचता वाचता मला आमचंच घर दिसायला लागलं. मी मनाशी ठरवून टाकलं, हे आत्याबाईंच्या कानावर घालायचं. त्या ऐकतील, आपलंच रूप त्यांना दिसेल, त्या शरमतील आणि कौसल्या सुटेल. इतका सोपा बेत फसणार कसा?

उन्हाळ्याचे दिवस. जेवणं उरकली की बायका मागच्या सपरीत, म्हणजे पडवीत, चिंचा फोडायला बसायच्या. मी पुस्तक घेऊन बसले.

"काऊन वं, का होय थे? पोथी होय का?" आत्याबाईंनी विचारलं.

कादंबरी म्हटलं असतं तर ती सरळ चुलीत गेली असती. मी म्हटलं, "हो."

"मंग तशीच काऊन उघडली? पाय धुतले का?"

पाय धुतले. पाट आला. वाचनालयाच्या शिक्क्यावर हळदकुंकू पडलं, वर जास्वंदीचं फूल! (त्या डागांपायी भावाला पुढं वाचनालयात जे ऐकावं लागलं, त्यानंतर त्यानं क्रांतीचा विषय काढला नाही.) आत्याबाईंना अक्षरओळख नव्हती, पण पोथीची शिस्त त्यांना पुरती ठाऊक होती. त्या माझ्या उजव्या हाताला बसल्या. मी एक पान उलटलं की त्या एक चिंचोका वाटीत टाकायच्या. पोथी किती झाली याचा तो त्यांचा हिशेब.

पहिल्या दिवशी चपलांचा हुकूम वाचला. आत्याबाई कडाडल्या, "मुडदा बशो थ्या राजाचा! बायांच्या चपला नेते?"

मी कौसल्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत आशा दिसली. तेवढ्यात आत्याबाई म्हणाल्या, "पन थे किल्लीवाली मोठी हुशार बाई हाये वं."

"आत्याबाई, ती वाईट आहे."

"वाईट कायची? एकटी बाई सारी गल्ली सांभाळून राहिली! मले पाहा ना, तुमा दोघींले सांभाळता सांभाळता माहा जीव चालला."

दुसऱ्या दिवशी मागच्या दाराला बैलाच्या गळ्यातली घंटा टांगलेली दिसली. दिवेलागणीला आत्याबाई ती वाजवायच्या आणि आम्ही घरात असायचो. आधीही आम्ही जात कुठंच नव्हतो. पण आता घंटेनंतर जात नव्हतो!

मग विहिरीची पाळी आली. आधी कौसल्या पाणी आणणार, ती परत आली की मी जाणार. आमचं सुखदुःखाचं बोलणं सगळं विहिरीवर व्हायचं, तेही गेलं. आणि तिसऱ्या दिवशी माझ्या लाल पट्ट्याच्या चपला कोठ्यातल्या, म्हणजे गोठ्यातल्या, पेटीत गेल्या, बैलांच्या घुंगरमाळांशेजारी. वर कुलूप.

"आत्याबाई, माझ्या चपला?"

"पोथीत हाये ना! तूच तं वाचलं."

राजाला शिव्या देता देता बाईनं त्याचा सारा कारभार उचलला होता! हळूहळू शेजारणीही आपापल्या चिंचा घेऊन ऐकायला येऊ लागल्या. राजाच्या नावानं बोटं मोडायच्या, किल्लीवालीचं कौतुक करायच्या आणि घरी जाऊन घंटा बांधायच्या. दिवेलागणीला आमच्या गल्लीत इतक्या घंटा वाजायला लागल्या की गावातली गुरं गोंधळून भलत्याच दारात शिरू लागली.

मी म्हटलं, आता आपणच काहीतरी केलं पाहिजे. मी पुस्तकात माझी वाक्यं घुसडायला सुरुवात केली. एके दुपारी आवाज चढवून वाचलं, "आणि त्या दुष्ट राजानं फर्मान काढलं की शिकायला निघालेल्या मुलींना घरी बसवा आणि त्यांची लग्नं लावून टाका!"

आत्याबाईंचा चिंचेवरचा हात थांबला. त्यांनी वाटीकडे पाहिलं, मग पुस्तकाकडे पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या. "थे तं बरोबरच हाये. राजा इतका काई वाईट नाई."

त्या संध्याकाळी कौसल्यानं मला चुलीपाशी गाठलं.

"वहिनी, बंद कर वं थे पुस्तक! आनखी चार पानं वाचशीन तं माह्यं लगन उद्याच लागन!"

पण बंद कसं करणार? अर्धी पोथी कुणी ठेवतं का? आत्याबाईंनी समाप्तीचा दिवससुद्धा ठरवला होता, आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी गोरेगावची माणसं कौसल्याला बघायला यायची होती. मला रात्री झोप लागेना. ज्या पोरीसाठी मी हा उपद्व्याप केला, तिच्याच गळ्याभोवती दोर आवळत होते मी.

समाप्तीच्या दिवशी सपरी भरून बायका आल्या. नारळ, उदबत्ती, गुळाचा शिरा, सगळं साग्रसंगीत! मी शेवटचं प्रकरण उघडलं. यात मी एक अक्षर घुसडलं नाही. घुसडायची गरज नव्हती.

शेवटी किल्लीवाली म्हातारी होते. एका संध्याकाळी ती सगळी दारं लावते, घंटा वाजवते आणि आपल्या खोलीत येते. उकाडा फार असतो, म्हणून ती खोलीचं नगराबाहेर उघडणारं मागचं दार ढकलते. दार उघडत नाही. ती जुडग्यातली एकेक किल्ली लावून बघते, एकही लागत नाही. त्या दाराला कुलूप बाहेरून आहे आणि ते काही आजच लावलेलं नाही. ती या नगरात आली त्या दिवसापासून ते तिथं आहे. तिनं दार कधी ढकलूनच पाहिलं नव्हतं.

मी थांबले. एक शेजारीण पदरानं डोळे पुसत होती. आत्याबाईंची बोटं किल्ल्यांवर होती, पण किल्ल्या वाजत नव्हत्या.

त्या म्हणाल्या, "पुढं?"

"संपलं."

"असं कसं संपन? आयकल्याचं फळ सांग. फळ सांगतल्याबिगर पोथी उठते का?"

कादंबरीला कुठली आलीय फलश्रुती? लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आलं नसेल की कुणी आपलं पुस्तक पाटावर ठेवून फळ मागेल! समोर कौसल्या बसली होती, मान खाली घालून, हातातली चिंच कुस्करत. मी उघड्या पानावर नजर ठेवली आणि पोथीच्या सुरात सुरू केलं.

"जी बाई ही कथा मनोभावे ऐकेल आणि आपल्या घरातल्या एका लेकीला दार उघडून शिकायला जाऊ देईल, तिच्या कणगी-ढोलीतलं धान सरणार नाही, तिच्या गोठ्यातलं दूध आटणार नाही, तिच्या घरावर कधी कुलूप पडणार नाही. आणि जी ऐकूनही दार लावेल, तिची पोथी फुकट जाईल. इति."

आत्याबाईंनी वाटीकडे पाहिलं, नारळ फोडला आणि शिरा वाटला.

मामाजी ओसरीवर बसले होते. आत्याबाई प्रसाद घेऊन तिकडे गेल्या. आम्ही दोघी दाराआड कान लावून उभ्या.

"अजी, गोरेगावले निरोप धाडा. पोट्टी भंडाऱ्याले चालली."

"का? येड लागलं का तुले?"

"पोथीचं फळ होय. साऱ्या गल्लीसमोर निघालं. मोडलं अन् धान गेलं तं मले नका म्हनू!"

मामाजी सरकारला भीत नव्हते, सावकाराला भीत नव्हते, पण पोथीला भीत होते. त्यांनी प्रसाद डोळ्यांना लावला आणि विषय संपला. दाराआड कौसल्यानं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

ती निघाली त्या सकाळी छकडा दारात उभा होता. आत्याबाई कोठ्यात गेल्या, पेटी उघडली आणि माझ्या लाल पट्ट्याच्या चपला घेऊन आल्या. माझा जीव हरखला! त्या माझ्यासमोरून गेल्या आणि कौसल्यापुढं वाकून तिच्या पायांशी चपला ठेवल्या.

"घाल. शहरात पाय भाजतेत."

कौसल्या चपला करकरवत छकड्यात चढली. छकडा गोंदियाच्या रस्त्याला लागेपर्यंत आत्याबाई दारात उभ्या होत्या. मग माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "फळ पोथीत नोहतं."

"काय म्हणता आत्याबाई?"

"चिंचोका पडला नाई. इतकं लंबं फळ वाचलं तुनं, अन् पान एक उलटलं नाई. राजाच्या शाळेच्या फर्मानाच्या दिवशी बी तसंच."

"मग तुम्ही... मामाजींना...?"

त्या घरातून मागं गेल्या आणि त्यांनी मागचं दार हातानं ढकललं. ते उघडंच होतं. त्या उंबऱ्यावर थोडा वेळ उभ्या राहिल्या.

"थ्या किल्लीवालीचं मातर पोथीतलंच होतं. तवा चिंचोका पडला होता," त्या म्हणाल्या. "मले बी कोनी कधी म्हटलं नाई वं, का दार ढकलून पाह्य म्हनून."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं आणि मग उरलेल्या चिंचा फोडायला बसवलं.

कौसल्या मास्तरीण झाली, पुढं हेडमास्तरीण झाली. तिच्या हाताखालून किती मुली गेल्या, त्याचा हिशेब तीच जाणे. चपला मला परत मिळाल्या नाहीत. घंटा आत्याबाईंनी स्वतःच्या हातानं काढून पुन्हा बैलाच्या गळ्यात बांधली.

आता तो जुडगा माझ्या कमरेला आहे. माझी सून शिकलेली, दुपारी मला पोथी वाचून दाखवते आणि मी चिंचा घेऊन बाजूला बसते, वाटी जवळच असते. परवा तिनं फलश्रुती वाचली की जी सासू सकाळचा चहा आपल्या हातानं करून सुनेला देते, तिला सात जन्मांचं पुण्य लागतं. वाटीत चिंचोका पडला नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. तरी तेव्हापासून सकाळचा चहा मीच करते आहे आणि तो बरा झाला नाही, तर ती पोरगी मला पुन्हा करायला लावते!