फंक्शनमध्ये अडकलेले बाबा

बाबांना ऑटोत घालून आणलं ते मी कंप्यूटरचं काम पाहते त्याच हॉस्पिटलात. ताप डोक्यात गेला होता, बडबड चालू होती. डॉक्टरांनी विचारलं, "पहले किसी इंजेक्शन से तकलीफ़ हुई है?" झाली होती, इथेच. मरता मरता वाचले होते. आईला साल-महिना आठवत होता, नवरात्र होतं म्हणून. इंजेक्शनचं नाव नाही. ती नुसती रडत होती. मला तिचाही राग आला आणि माझाही.

भावाला वर ठेवून जुनी नोंद काढायला खाली रेकॉर्डच्या काउंटरवर धावले. रांग जिन्यापर्यंत गेलेली, पडद्यावरचं चक्र आपलं गरगर फिरतंय. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सुबह चार-पाँच तो फटाफट निकले दीदी, फिर अटक गया."

अरे देवा! पेशंटांच्या नोंदींचं अवाढव्य टेबल आम्ही मोठ्या कौतुकानं महिन्यामहिन्याच्या तुकड्यांत वाटलं होतं. तारीख दिली की तेवढाच तुकडा उघडायचा. शोधायचं काम एका फंक्शनवर, म्हणजे आधीच लिहून ठेवलेल्या छोट्या प्रोग्रामवर सोपवलेलं. मी त्या मुलीला उठवलं, फंक्शन बाजूला सारलं आणि आतली क्वेरी, म्हणजे नोंद शोधायचा मूळ हुकूम, तारीख घालून थेट चालवली. पातं लवायच्या आत बाबांची नोंद समोर!

भावाला फोन करून ओरडलेच, "हे इंजेक्शन देऊ नका म्हणावं!"

"अगं ताई, सिस्टर तेच भरतेय!" तो म्हणाला. मग त्याचं "रुकिए, रुकिए" ऐकू आलं. सिस्टरनं सुई बाजूला ठेवली हे त्याच्याकडून ऐकलं, तेव्हाच फोन ठेवला.

म्हणजे तुकडे ठीक, क्वेरीही ठीक. हे मेलं फंक्शनच पहिल्या काही वेळा तारीख बघायचं, मग एकच ठरीव रस्ता धरायचं. तारीख कुठलीही असो, उघड सगळे महिने!

वर जायला उठले, तर खिडकीतून एक म्हातारी म्हणाली, "बिटिया, हमाओ सोई देख दो। लरका भीतर डरो है।" तिचा मुलगा आत पडलेला, त्याचीही नोंद हवी होती.

भरदिवसा चालू फंक्शनला हात लावायचा नाही, हा नियम मीच भिंतीवर चिकटवलेला. खड्ड्यात गेला नियम! पुन्हा बसले आणि दर वेळी हातातली तारीख बघूनच रस्ता ठरव, असं त्याला लिहून दिलं.

तेवढ्यात भावाचा फोन. "ताई, येतेस ना? बाबा तुला हाका मारतायत."

"येते रे," म्हटलं आणि म्हातारीला विचारलं, "अम्मा, पहले किस महीने में आई थीं?"