पेडल खाली गेलं होतं

गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचा निपल मी घट्ट केला नव्हता. आणि घट्ट केला आहे असं सांगणारा पिवळा ठिपका मात्र मीच त्याच्यावर लावला होता. त्यानंतर जे झालं, ते बाबांच्या नावावर जाऊ दिलं. अकरा महिने.

ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पेडल स्पंजासारखं दबतं. ती हवा काढायला प्रत्येक चाकामागे एक छोटा पोकळ स्क्रू असतो, त्याला निपल म्हणतात. या कामाला दोन माणसं लागतात. एक सीटवर बसून पेडल दाबून धरतो, दुसरा चाकाशी आडवा होऊन निपल उघडतो, हवेचे बुडबुडे निघून गेले की बंद करतो. आमच्या घरी सीटवर बाबा असायचे आणि खाली मी. मी म्हणायचो, "दाबा." ते म्हणायचे, "धरलं." मी म्हणायचो, "सोडा." नर्मदाकाठच्या आमच्या शहरात, गोरखपूर मोहल्ल्यातल्या आमच्या गल्लीत हा संवाद इतक्या वेळा झाला होता की समोरचे गृहस्थ बाल्कनीतून विचारायचे, "अंकलजी, गाड़ी है कि मरीज़?" बाबा त्यांना उत्तर द्यायचे, "मरीज़ है, पर आपसे पहले नहीं जाएगा."

गाडी पंचवीस वर्षांची होती. थंडीत सुरू व्हायची नाही, उन्हात तापायची. तिचे पार्ट बाजारात मिळेनासे झाल्यापासून मी ते भंगारवाल्यांकडे शोधत फिरायचो. मिस्त्रीकडे न्यायचा प्रश्नच नव्हता. बाबांनी लष्करी गाड्यांच्या कारखान्यात चौतीस वर्षं काढली होती, त्यातली बरीचशी ब्रेक तपासण्यात. आपली गाडी दुसऱ्याच्या हाती देणं त्यांना कमीपणाचं वाटे. गुडघे गेल्यामुळे त्यांना खाली वाकता येत नव्हतं, म्हणून हात माझे आणि डोकं त्यांचं, अशी वाटणी होती. मी राइट टाउनातल्या एका शाळेत गणित शिकवतो. पाना धरायला त्यांनीच शिकवलं, तेही मी चाळिशी ओलांडल्यावर.

कारखान्यातला एक नियम त्यांनी घरी आणला होता. कसणारा आणि तपासणारा एक नसावा. एकानं नट कसायचा, दुसऱ्यानं तपासून त्यावर पिवळ्या रंगाचा ठिपका लावायचा. ठिपका असला की त्या नटाकडे पुन्हा बघायचं नाही. पण आमच्याकडे खाली वाकणारा मी एकटाच. त्यावर बाबांनी तोडगा काढला होता. "कसून झालं की उठ, हात धू, पाणी पी. मग दुसरा माणूस होऊन ये आणि तपास. ठिपका त्या दुसऱ्यानं लावायचा." मी हसायचो, पण करायचो तसंच.

त्या दिवशी केलं नाही. शनिवार होता, संध्याकाळी शाळेत पालकसभा होती. चारही निपल मी हातानं बंद केले होते आणि शेवटी एकदा फिरून सगळे पान्यानं आवळणार होतो. रंगाची डबी उघडीच होती. पुन्हा चार वेळा आडवं व्हायला नको म्हणून मी आधीच चारही ठिकाणी ठिपके लावून टाकले. मग पाना घेऊन फिरलो. मागच्या डाव्या चाकाशी आलो, ठिपका दिसला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं पुढे गेलो.

सीटवरून बाबांनी विचारलं, "पाणी पिऊन आला का रे?"

मी म्हणालो, "हो."

बाबा आठवड्यातून एकदाच गाडी चालवत, रविवारी सकाळी. खमरियाजवळ त्यांचे कारखान्यातले जुने दोस्त राहत. मी त्यांना चाचाजी म्हणायचो. पक्षाघातानं त्यांची एक बाजू गेली होती. बाबा त्यांना गाडीत बसवून ग्वारीघाटला नेत. दोघं खाली उतरत नसत. नर्मदेकडे तोंड करून गाडीतच बसत, चहा मागवत, जुन्या साहेबांची नक्कल करत. चाचाजींचं आठवड्यातलं बाहेर पडणं तेवढंच. त्यांची सून एकदा मला म्हणाली होती की बाबूजी शनिवारपासूनच धुतलेला कुर्ता काढून ठेवतात.

हवा काढल्यानंतरचा पहिला रविवार ठीक गेला. दुसऱ्या रविवारपर्यंत त्या निपलातून थेंब थेंब तेल गळत राहिलं असणार. बाबा निघाले आणि गल्लीच्या टोकाच्या उतारावर गाडी थांबली नाही. नाल्यावरच्या पुलियाच्या कठड्यावर जाऊन आदळली. दुसऱ्या कोणाला लागलं नाही. बाबांच्या कपाळाला खोक पडली. मी धावत पोहोचलो तेव्हा सात-आठ माणसं जमली होती आणि जो तो त्यांना वयाची आठवण करून देत होता. बाबा दाराला धरून उभे होते. मला पाहून एवढंच म्हणाले, "पेडल खाली गेलं रे."

माझी बायको त्यांना रिक्षानं दवाखान्यात घेऊन गेली. मी दोघांच्या मदतीनं गाडी ढकलत घरी आणली आणि खाली आडवा झालो. मागचं डावं चाक आतून तेलानं ओलं होतं. निपल बोटांनी फिरला.

तेव्हा काय वाटलं ते मला नीट आठवतं. शरम नंतर आली. आधी वाटलं, ते परत यायला अजून तासभर आहे. मी निपल आवळला, चाक पुसलं, तेल भरलं, निपलाला लावलेली नळी तेलाच्या बाटलीत बुडवून कशीबशी एकट्यानंच हवा काढली. दवाखान्यातून येताच बाबा तसेच पट्टी बांधलेले गाडीत बसले आणि त्यांनी पेडल दाबलं. ते दगडासारखं कडक होतं. त्यांनी तीनदा दाबलं.

"ठिपके पाहिले का?" त्यांनी विचारलं.

"चारही आहेत. ब्रेक तर लागून राहिला, बाबा."

त्यांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाले, "म्हणजे मी ब्रेक समजून क्लच दाबला असेल." खाली उतरून त्यांनी किल्ली माझ्या बायकोच्या हातात दिली.

त्या रात्री सांगता आलं असतं. पण घरात सगळ्यांना हायसं वाटलं होतं. बाबांनी गाडी सोडावी असं आम्ही दोन वर्षं म्हणत होतो. बायको म्हणाली, "देवानं थोडक्यावर निभावलं. आता विषय काढू नका." मला हे फार सोयीचं वाटलं. शहात्तर वर्षांच्या माणसानं गाडी चालवू नये हे खरंच होतं, आणि त्या खऱ्याच्या आडोशाला मी उभा राहिलो.

चाचाजींना मी नेईन असं कबूल केलं होतं. दोनदा नेलं. मग पेपर तपासणं आलं, मग लग्नसराई. बाबा रिक्षानं भेटून येऊ लागले, पण चाचाजींना रिक्षात बसवता येत नसे, आणि मग दोघं त्या खोलीतच बसत. पावसाळ्यानंतर चाचाजींचा मुलगा त्यांना इंदूरला घेऊन गेला. निरोप द्यायला बाबा गेले तेव्हा चाचाजी त्यांना म्हणाले, "एक बार घाट घुमा देता, यार." हे मला बाबांनी सहज सांगितलं, जेवताना.

नंतर मला घरात काही गोष्टी दिसू लागल्या. जो माणूस आमचे सगळ्यांचे नळ, कड्या आणि स्विच तपासायचा, तो माझ्या बायकोला विचारू लागला, "बेटा, गॅस मी बंद केला ना? एकदा पाहून घे." गोळ्या घेतल्यावर रिकामं पाकीट तिला दाखवू लागला. नातवाला गणित सांगताना मध्येच थांबून "तुझ्या बाबांना विचार" म्हणू लागला. बायको मला म्हणाली की हे वयाचं आहे, एकदा डॉक्टरांना दाखवू. मी मान हलवली.

एका सकाळी शाळेत जायला निघालो तर बाबा मागच्या व्हरांड्यात खुर्चीवर बसलेले दिसले. वजनाचा काटा त्यांनी भिंतीला उभा टेकवला होता आणि त्यावर उजवा पाय रोवून दाबत होते. मग डावा. बाजूला जुन्या डायरीत आकडे लिहिलेले होते, पानामागून पान. मला पाहून ते दचकले नाहीत. उलट मी आलो ते बरं झालं असं त्यांना वाटलं.

"तू गणिताचा माणूस, हे बघ जरा," ते म्हणाले. "तीन महिने मोजून राहिलो. उजवा पाय डाव्यापेक्षा जास्तच दाबतो. एक दिवस कमी नाही. डोळे मिटून सांगितलेला पायही बरोबर उचलतो. मग त्या दिवशी क्लच काहून दाबला असेल मी?"

मी वाकून आकडे पाहिले.

"पाय चांगला आहे," ते डायरी मिटत म्हणाले. "म्हणजे डोकंच जाऊन राहिलं. सूनबाईला सांगू नको, घाबरेल. पण तू मला डॉक्टरकडे घेऊन चल. अजून किती दिवस कळत राहील, ते तरी विचारून घेऊ."

मी त्यांच्या समोर खाली बसलो. पाठीवर बॅग तशीच होती.

"बाबा, पेडल खाली गेलं होतं," मी म्हणालो. "निपल ढिला होता."

त्यांनी लगेच विचारलं, "कोणता?"

"मागचा डावा."

"ठिपका होता म्हणालास."

"ठिपका मी आधीच लावला होता. आवळायचा राहिला."

त्यांचे ओठ हलले. तेल किती दिवसांत किती उतरलं असेल, पहिल्या रविवारी ब्रेक का लागला, दुसऱ्या रविवारी का नाही, हे ते मनात लावून पाहत होते, आणि ते सगळं जुळत होतं. चेहरा क्षणभर सैल झाला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुला केव्हा कळलं?"

"त्याच दिवशी. तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा."

बाबा रागावले नाहीत. त्यांनी काट्यावरून पाय खाली घेतला आणि चप्पल शोधू लागले. चप्पल खुर्चीखाली गेली होती. मी ती काढून त्यांच्या पायाशी ठेवली आणि हात तिथेच राहू दिला.

"निपल राहिला ती चूक होती, बाबा," मी म्हणालो. "पण तुम्हाला सांगितलं नाही, ती चूक नव्हती. ते मी रोज ठरवून केलं. तुम्ही गॅसचं विचारत होता तेव्हा मला कळत होतं काहून विचारता ते, आणि मी गप्प बसलो. चाचाजींचे रविवार माझ्यामुळे गेले, ते मला परत देता येणार नाहीत. तुमचा पाय ब्रेकवरच होता. तुमचं डोकं ठीक होतं. मला माफ करा."