जाळीतली गाठ

केळीच्या धाग्याची जाळी मला राजपुऱ्यातला एक विणकर विणून द्यायचा. बोलताना तो समोरच्याच्या बाहीचं कापड चिमटीत धरून चाचपायचा. या जाळीवर माणसाची नवी कातडी वाढवायचा माझा प्रयोग आहे, हे मी त्याला इंदूरच्या वैद्यकीय परिषदेच्या आदल्या दिवशी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंदूरला निघताना, शेवटचा तुकडा घ्यायला गेलो, तर त्याने तो माझ्यादेखत कात्रीने कापला.

"धागा तुटला होता सर, गाठ मारेल होती. बाजारात चालून जाते. माणसाच्या आंगात कशी चालणार?"

"मग आधीचे तुकडे?"

तो माझी बाही चाचपत राहिला.

परिषदेत मी आधीचाच तुकडा दाखवला. पडद्यावर तो भिंतीएवढा झाला. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी गाठ शोधत होतो.