शालनची अर्धी वाक्यं

शालन गेल्याचा फोन वनितानेच केला. तिला ठेवलेल्या दवाखान्यातून मी डबा न्यायला घरी आले होते, तेवढ्यात. माझी सख्खी धाकटी बहीण गेली हे मला तिच्या जावेच्या तोंडून कळलं, आणि रडू यायच्या आधी मनात आलं ते हे, की शेवटच्या घटकेलाही हीच जवळ होती. आता महिना होऊन गेला. गेलेल्या माणसाचं चांगलं आठवावं म्हणतात. शालनचं वाईट आठवायला काही नाहीच. पण तिची आठवण काढायला बसले की वनिता मध्ये येऊन बसते, त्याला मी काय करू...

आम्ही दासगावच्या. सावित्रीच्या काठाला घर. शालनच्या तोंडाला विसावा म्हणून नसायचा. आई म्हणायची, "हिला मुका नवरा मिळाला तरी चालंल, दोघांचं हीच बोलंल." पलीकडच्या काठावरच्या माणसाला ती अलीकडून हाक मारायची आणि तो वळून बघायचा, असा तिचा दम. जगाशी ती गावभरचं बोलायची, मनातलं मात्र फक्त माझ्याशी. एका गोधडीत झोपायचो आम्ही. तिने नुसतं "आक्का" म्हटलं, की आज काय फुटलंय, काय हवंय, कुणाशी भांडण झालंय ते मला कळायचं. पुढे ती लग्न होऊन पोलादपूरकडे, कापड्याला गेली आणि मी महाडात शिक्षिका झाले. तरी हा हक्क माझ्याकडून कुणी काढून घेईल असं मला कधी वाटलं नव्हतं.

दीड वर्षापूर्वी तिला ताप आला. व्हायरल आहे, उतरेल म्हणता म्हणता न्यूमोनिया झाला, मुंबईला नेऊन व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं. वाचली. घरी सोडताना डॉक्टरांनी नीट समजावलं. फुप्फुसं बरीच सावरली आहेत, पण श्वास ओढणारे स्नायू दुबळे झालेत. छाती आणि पोटाच्या मधला जो पडदा असतो, त्याच्यात जोर उरलेला नाही. व्यायामाने काही परत येईल, किती ते सांगता येत नाही. आडवी झाली की ती घुसमटायची, म्हणून पाठीशी गोधड्यांची चवड लावून बसल्या बसल्याच झोपायची. आणि बोलणं... एका श्वासात दोन-तीन शब्द. मग खांदे वर उचलून हवा ओढायची, आणि तोवर पुढचं बोलायची ताकदच राहायची नाही.

मी म्हटलं, माझ्याकडे ये, दवाखाना हाकेच्या अंतरावर आहे. ती म्हणाली, "कापड्याला." तिचे यजमान आणि मुलगा नोकरीपायी मुंबईत, म्हणजे कापड्याला याचा अर्थ वनिताकडे. वनिता तिच्या धाकट्या दिराची बायको. भातशेतीत राबलेली, मोजकं बोलणारी. श्वासाच्या व्यायामाची नळी शालनच्या तोंडात असायची आणि समोर बसून वनिता स्वतःही छाती फुगवून श्वास ओढायची, बाळाला भरवताना आई आपलंच तोंड उघडते तशी. मला ते बघवायचं नाही. बहिणीची सेवा होतेय म्हणून डोळे भरून यायला हवे होते. माझा मात्र जळफळाट व्हायचा.

पण खरी जळले ती वाक्यांवरून. एकदा मी निघताना शालन म्हणाली, "आक्का, ते... वरचं..." आणि दम संपला. वरच्या आळीतलं कोणी? वरच्या फळीवरचं काही? मी विचारत सुटले, ती मान हलवत राहिली. आतून भाकरी थापता थापता वनिता म्हणाली, "वरच्या वाफ्यातल्या वालाच्या शेंगा म्हनते. तुमच्यासाठी काडून ठेवल्यात, पिशवी दाराशी हाय." शालन सुटल्यासारखी हसली. जन्मभर मुलांना गाळलेल्या जागा भरायला शिकवल्या मी, आणि घरच्या परीक्षेत दर वेळी नापास. मग मी हट्टाने, वनिता तोंड उघडायच्या आत, मोठ्याने उत्तरं द्यायला लागले. चुकायचीच. शेवटी शालन हात हलवून "राहू दे" म्हणायची, आणि त्या दोन शब्दांना मात्र तिचा श्वास पुरायचा.

दिवाळीनंतर हट्ट करून तिला आठवडाभर महाडला आणलं. म्हटलं, आता मध्ये कोणी नाही. पहिल्याच संध्याकाळी ती म्हणाली, "आक्का, जरा... ते..." मी गरम पाणी दिलं, शाल दिली, उशी बदलली, बाम आणला. तिला हसू आलं आणि हसण्याने धाप लागली. घाबरून मीच वनिताला फोन लावला आणि शालनच्या तोंडाशी धरला. तिने पुन्हा तेवढंच म्हटलं, "जरा... ते..." पलीकडून आवाज आला, "खिडकी उघडा, आक्का. वारा तोंडावर लागला की तिला बरं वाटतं." हायवेवरून कशेडी घाटाकडे जाणाऱ्या ट्रकांची धूळ येते म्हणून मीच खिडकी लावून घेतली होती. एसटीत खिडकीसाठी रडणाऱ्या शालनला लहानपणी माझी जागा देणारी मीच. ते मला आठवू नये, आणि वनिताला न आठवता कळावं...

शेवटची नीट भेट कापड्याच्या ओटीवर झाली. सर्दी झालेली होती, साधीच. पण खोकायलाही जोर लागतो, आणि तो तिच्याकडे नव्हता. कफ आतच राहिला. मी उठले तशी तिने माझं मनगट धरलं. "आक्का... तू ना..." एवढंच. खांदे दोनदा वर गेले आणि काही आलं नाही. मी या वेळी काही बोलले नाही, वनिताकडे बघितलं. ती तिथेच सुपात तांदूळ निवडत होती. जिने दीड वर्षात एक वाक्य अर्धं राहू दिलं नाही, तिने मान वर केली नाही.

बाराव्याची माणसं पांगल्यावर मी तिला गाठलं. म्हटलं, "वनिता, त्या दिवशी ती काय म्हणत होती गं?"

ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. "नाय कळलं, आक्का. तेवडंच नाय कळलं मला."

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. पोलादपूरपर्यंत रिक्षात मी ते वाक्य मुठीत धरल्यासारखं धरून बसले होते. महाडची एसटी सुटली तेव्हा ध्यानात आलं, की तिच्या आवाजात जरासुद्धा नवल नव्हतं.

खरं बोलली असेल, तर त्या एका वाक्यापुरती शालन माझीच राहिली. आणि खोटं बोलली असेल, मुद्दाम, माझ्यासाठी... तर शालनने कापड्याला का म्हटलं ते मला कळलं आहे, आणि तेच मला सोसत नाही.